व्हॅनमधला स्वस्त चार्जर

सायली गावातल्या आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही. म्हणून सगळे आपले फोन आम्हाला ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्येच चार्जिंगला ठेवतात आणि व्हॅन दिवसभर फेऱ्या मारते. रस्त्यावरून घेतलेला व्हॅनमधला स्वस्त चार्जर तापतो, हे मी ड्रायव्हरला कितीदा सांगितलं. "लाइट लागते ना, भाऊ? मग चालतंय," म्हणून तो हसायचा.

परवा शिफ्ट सुटल्यावर माझा फोन जळून काळा पडलेला मिळाला. मी घरातला पहिला पदवीधर झालो, त्या दिवशी वडिलांनी पाठवलेला व्हॉइस मेसेज फक्त त्यातच होता. आता वडील नाहीत.

"नवीन घ्या ना, भाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

आज सकाळी तोच चार्जर पुन्हा लावलेला होता, त्यावर तिघांचे फोन. मी तो उपटला आणि बुटाखाली चिरडला.