फोनवरची पांढरी चटणी

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी काही नवं खाल्ल्याचं सांगितलं की ते कसं करतात हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. त्यामुळे दादा फोनवर त्या पांढऱ्या चटणीची तारीफ करायला लागला तेव्हा वहिनीपेक्षा माझेच कान जास्त टवकारले.

दादा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाचा भाव बसला, लोकांनी कपाशी कमी केली आणि जिनिंगची यंत्रं वर्षातले बरेच महिने नुसती उभी राहू लागली. मग तो आखातात पाइपलाइनच्या कामावर गेला. मी अमरावतीला वहिनीजवळ राहून कॉलेज करत होते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा आणि वहिनीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय जेवले?" त्यावर दादा रंगात यायचा. इकडं तिळाची चटणी असते, पांढरीफटक, सायीसारखी. तीळ, लिंबू, लसूण, मीठ अन् पाणी, बस. रोटीसंगं खाल्ली की दुसरं काही नको वाटते.

वहिनी बूथवर हसायची आणि घरी येऊन गप्प बसायची.

त्याची सुट्टी मंजूर झाली त्याच सुमारास अकोल्यातल्या एका दालमिलला फिटर हवा असल्याचं कळलं. मालक दादाला ओळखत होता, पण पगार बेताचाच देणार होता. दादानं परत न जाता ते काम धरावं असा वहिनीचा ध्यास. फोनवर तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

"त्यायले तिकडची चटक लागली," एक दिवस पीठ मळता मळता वहिनी म्हणाली. "आता आपलं घर फिकं लागीन त्यायले. थे चटणी इथंच भेटली तं कशाले वापस जातीन?"

चटणीसाठी कुणी समुद्र ओलांडत नाही एवढं मलाही कळत होतं. पण चटणी करून पाहायला मिळत होती, मग मी कशाला वाद घालू?

तीळ वहिनीच्या माहेरून आले, अचलपूरकडून. कपाशीचं काही खरं नाही म्हणून तिच्या भावानं त्या साली अर्ध्या वावरात तीळ टाकले होते. वहिनीनं ते कढईत चांगले तडतडेपर्यंत भाजले, लसूण घालून कुटले आणि हात सवयीनं तिखटाच्या डब्यात गेला.

"वहिनी, पांढरी म्हणला ना दादा!"

"अवं बाई, तिखटाशिवाय चटणी असते का?"

झाली ती आपली नेहमीची तिळाची चटणी. पाणी घातल्यावर तर तिचा चिखल झाला, वर कडूही लागली. मी दोन दिवस विचार करत होते की तीळ कडू कशानं झाले. एक दाणा दातानं फोडून पाहिला, मग नखानं त्याचं साल काढून दुसरा चाखला. कडूपणा सालात होता, राहिलेला भाजण्यात.

दुसऱ्या खेपेला तीळ भिजवून पोत्याच्या तुकड्यावर चोळले. सालं पाण्यावर तरंगली ती ओतून दिली. उन्हात वाळवून तव्यावर नुसते गरम केले आणि मिक्सरमध्ये घातले. आधी कूट झालं, मग ते भांड्याला चिकटून बसलं. आपण एरवी तिथंच थांबतो. मी चमच्यानं खाली लोटलं, पुन्हा फिरवलं, आणि लाइट गेली. भारनियमनाला आमच्या चटणीची काय पर्वा!

मग पाटा काढला. वहिनीनं पदर खोचला आणि वरवंटा घेतला. बऱ्याच वेळानं कूट चमकायला लागलं, मऊ झालं, आणि बघता बघता पाट्यावरून ओघळायला लागलं. थेंबभर पाणी न घालता तीळ आपल्याच तेलात पातळ होतो हे मी पहिल्यांदा बघत होते. मला इतका आनंद झाला की मी बोटानं अर्धी चटणी तिथंच चाटली असती, वहिनीनं हातावर चापट मारली म्हणून वाचली.

तिनं ती भांड्यात काढली, वाटलेला लसूण आणि मीठ घातलं आणि वर लिंबू पिळलं. चमचाभर पाणी घालून ढवळलं मात्र, सगळं एकदम घट्ट झालं. गोळा! चमचा उभा राहिला.

"नासलं," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची गाडी बडनेऱ्याला लागणार होती. "माह्या नशिबात हे बी नाई."

ती भांडं मोरीत नेत होती, मी ते ओढून घेतलं. पाण्यानं घट्ट कसं होतं? आणखी पाण्यानं काय होईल? मी चमचा-चमचा पाणी घालून ढवळत राहिले. गोळा सुटला, रंग उजळला, आणि वहिनीच्या डोळ्यांदेखत त्याची पांढरीशुभ्र, सायीसारखी चटणी झाली. वहिनी डोळे पुसत हसायला लागली.

दादा आला तो अर्धा होऊन. शर्ट अंगावर लोंबत होता. वहिनीनं ताट वाढलं आणि मधोमध ती वाटी ठेवली. दादानं वाटीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. एक घास खाल्ला, वाटी हळूच बाजूला सरकवली.

"हे कशाले केलं?"

"तुमीच तं तारीफ करत होते!"

"मंग काय सांगू फोनवर?" दादा म्हणाला. "कामावरून यायले उशीर झाला की मेस बंद. रोज हेच, विकतच्या डब्यातलं, अन् वाळली रोटी. आता वासही सहन होत नाई. तू पहिलं तेच विचारायची. तुले रडवू का तिथून?"

वाटी उचलून वहिनीनं माझ्या हातात दिली, चूल पेटवली आणि ज्वारीचं पीठ घेतलं. भाकर थापता थापता, मागं न पाहता तिनं विचारलं, "अन् खोलीत कूलर आहे म्हणले होते?"

"नाई."

"शुक्रवारची सुट्टी?"

"फोन करण्यापुरती."

"पाठीचं दुखणं थांबलं म्हणले, थे?"

दादानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दालमिलच्या मालकाला भेटायला अकोल्याच्या एसटीत चढला, तेव्हा वहिनी आधीच आत जाऊन खिडकीपाशी बसलेली होती. "तू कशाले?" दादानं विचारलं. "तुमी काय सांगता थे ऐकाले," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी बाजूला सरकली.