बुदवारचे फोटो

बीडच्या माळीवेशीत अंगदचा 'रतन फोटो स्टुडिओ' बावीस वर्षांपासून उभा आहे, आणि त्यातला पडदाही तेवढाच जुना. पडद्यावर कपिलधारचा धबधबा रंगवलेला. त्याच्यापुढं अंगदनं अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्या बसवल्या आणि प्रत्येकीला एकच मंत्र दिला, "हनुवटी खाली!" त्यामुळं आमच्याकडं कुणाच्याही लग्नाचा अल्बम उघडा, नवरी आपली खाली पडलेलं जोडवं शोधत बसलेली.

त्याच्या हाताखाली पाशा मिस्त्रीची शाईस्ता दोन वर्षं शिकली. बाप गाड्या दुरुस्त करणारा, म्हणून गॅरेजातल्या सवयीनं पोरगी अंगदला 'उस्ताद' म्हणायची, आणि ते ऐकलं की अंगदची छाती दोन बोटं फुगायची. मग शाईस्तानं स्वतःचा कॅमेरा घेतला आणि छाती बसली ती बसलीच. त्यात नळावर, गिरणीत, जिथं तिथं बायकांच्या तोंडी एकच, "बुदवारचे फोटो काढावेत तर शाईस्तानंच!"

आता आमच्याकडं बुधवारला सगळे बुदवारच म्हणतात. अंगदला वाटलं, पोरगी आठवड्यातून एकच दिवस काम करते आणि तरी एवढं नाव? मग आपण काय मेलो? दुसऱ्याच दिवशी दुकानावर पाटी लागली: 'आमच्याकडे बुधवारचे फोटो आठवडाभर काढून मिळतील.'

लोक पाटीपुढं थांबू लागले, मोबाईलवर पाटीचेच फोटो काढू लागले. अंगद खूश. एकदा तेलगावची एक नवी नवरी मैत्रिणीला घेऊन आली, आत डोकावली आणि हळूच म्हणाली, "खोली कुठंय?"

"कसली खोली? ह्यो धबधबा हाय की समोर!"

दोघी तोंडाला ओढणी लावून पळाल्या. का पळाल्या, ते अंगदला सांगायला माळीवेशीत एकाचीही जीभ उचलली नाही. एवढी करमणूक कोण घालवणार?

पुढच्या बुधवारी त्याची बायको शिवकन्या कपिलधारला दर्शनाला जाते म्हणून निघाली. पिशवीत लग्नातली जांभळी साडी, वर गजरा. दुपारी समोरची ब्लाऊजवाली बबिता मुद्दाम रस्ता ओलांडून आली.

"दादा, वहिनी त्या नव्या बुटीक हॉटेलात शिरताना दिसल्या. लई गोड दिसत हुत्या बरं का!"

अंगदला काही उमजेना. बुटीक म्हणजे ब्लाऊज शिवायचं दुकान, ते तर बबिताचंच. हॉटेल म्हणजे चहा-भजी. दोन्ही एका जागी कशाला?

"अवो, ऱ्हायचं हॉटेल," बबिता म्हणाली. "मोजून आठ खोल्या. एकेक खोली नवरीवाणी सजवलेली."

'खोली' हा शब्द कानावर पडला आणि अंगदनं मोटारसायकलला लाथ घातली.

हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, बंद दारापुढं, शाईस्ताची आई अजमतबी खुर्ची टाकून सुपारी कातरत बसली होती. आतून शिवकन्याचं हसू आलं. असं हसू घरात शेवटचं कधी ऐकलं, अंगदला आठवेना.

"आत कोण हाय, खाला?"

"तुझी बायको, माझी बेटी अन् एक पलंग."

"पुरुषमाणूस?"

"पुरुषमाणूस भायेर उबा हाय. घाम पूस जरा."

"मी नवरा हाय तिचा!"

"म्हणून तर तुला खुर्ची देत न्हाई. बूद्वार चालू हाय."

"आज कोणता वार हाय ते मला कळतंय!"

अजमतबीचा अडकित्ता थांबला. "वार न्हाई रे बाबा! फ्रेंच लोकांचा लफ्ज हाय. बाईच्या निजायच्या खोलीला म्हणत्यात. बाईनं तिथं सजून, आपल्या मर्जीनं, आपल्यापायी फोटो काढून घ्यायचे. नवऱ्याला दावायचे का न्हाई, तेबी तिनंच ठरवायचं. बेटी सोमवारी बी काढती अन् जुम्म्याला बी."

अंगदला पाटी आठवली. लोकांचे मोबाईल आठवले. तेलगावची नवरी आठवली. कान तापले. तेवढ्यात आतून शाईस्ताचा आवाज आला, "वहिनी, हनुवटी वर. अजून वर. हां!"

हे पाटीपेक्षा जास्त झोंबलं. पोरगी त्यानंच शिकवलेली, बायको त्याचीच, आणि मंत्र उलटा.

चार दिवसांनी फोटो छापून आले. शिवकन्यानं त्यातला एकच अंगदच्या हातात ठेवला. पलंगाच्या कडेला पाठमोरी बसलेली, केस मोकळे, पदर खांद्यावरून उतरलेला, मान वळवून खिडकीकडं बघत हसतेय. अंगदनं भिंग आणलं. खोट काही सापडेना.

"उजेड जरा जास्तच पडलाय."

"पडू द्या."

"हसतीस कुणाकडं बगून?"

"खिडकीकडं."

"खिडकीत काय हुतं?"

"लिंबाचं झाड."

अंगद त्या झाडावरसुद्धा जळला.

"मला म्हणली असतीस, तर मी काढला नसता का?"

"बावीस वर्षांत एकदा तरी 'फोटोला बस' म्हणलात का?"

"रेशनकार्डाचा काढला की!"

"त्यात बी हनुवटी खाली."

अंगदनं तिथल्या तिथं कॅमेरा उचलला, तिला दुकानात नेलं आणि धबधब्यापुढं स्टुलावर बसवलं. त्याला तेच खिडकीतलं हसू पाहिजे होतं, पण आपल्याकडं बघून. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला, तोंड उघडलं, "हनु..." आणि शब्द तसाच गिळला. गिळलेला शब्द अडकला आणि त्याला जोरात उचकी लागली. शिवकन्या मान मागं टाकून खदखदून हसली. अंगदनं उचकीसकट बटण दाबलं.

फोटो हललाच. त्यात बायको कमी आणि धबधबाच जास्त वाहतोय. पण हनुवटी वर आहे. शिवकन्यानं तो स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर चिकटवला. कुणी आलं की चहाआधी तो दाखवते.

पाटीवरचा 'बुधवारचे' शब्द अंगदनं काळ्या रंगानं बुजवला. आता लोक त्या डागाचे फोटो काढतात.

शाईस्तानं काढलेले बाकीचे फोटो कपाटात, आणि कपाटाची किल्ली शिवकन्याच्या कमरेला. ते किती आहेत, कसे आहेत, अंगदला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. येता-जाता कपाटाला मात्र तो एक खांदा मारून जातो.