चामड्याचा रंग आणि माझा ताठा

आमच्या घरात चामड्याला शिवायची बंदी होती आणि मी शाळेत चामड्याचं काम शिकवत होते.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत समुद्रपुरात मास्तरीण हेच एक नवल, त्यात ही असली! सासूबाईंनी तह केला होता: चामडं, सुया, रंग, सगळं गोठ्यात ठेवायचं आणि हातपाय धुऊनच घरात यायचं. (गाईची काही हरकत नव्हती. मी विचारलं होतं.)

त्या जानेवारीत हेडमास्तरांनी बजावलं, "बाई, परवा प्रदर्शनात तुमची चामड्याची पिशवी बरी दिसली तं मुलींचा चामड्याचा वर्ग राह्यते. नाईतं पोरीईले भरतकाम देतो."

भरतकाम! म्हणजे माझ्या पोरींनी जन्मभर रुमालावर पोपट काढायचे! मी म्हटलं, "पिशवी अशी आणते सर, की पाहातच राहाल."

पिशवी शिवून तयार होती. राहिला होता फक्त तपकिरी रंग. बाटली उपडी केली, तर एक थेंब पडेल तर शपथ! बूच हरवल्यापासून मी तिच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला होता (समुद्रपुरात कापसाला काय तोटा!) आणि रंगातलं पातळ होतं तेवढं सगळं उडून गेलं होतं. घट्ट रंगात काय घालायचं ते प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण तेव्हा मी बाकावरच्या शेजारणीला तिचा टाका कसा चुकला ते समजावत होते.

"बसस्टँडजवळ तुकाराम जोडे शिवते, त्याले विचारून येतो," आमचे हे म्हणाले.

"काही गरज नाई! माह्याजवळ सर्टिफिकेट हाय!"

थंडीत गोठलेलं खोबरेल आपण उन्हात ठेवतो, तशी मी बाटली उन्हात ठेवली. दोन तासांत रंगाचा चक्क गूळ झाला. मग त्यात खोबरेलच ओतलं. तेल वर, गूळ खाली, दोघांची बोलचाल बंद! मग कढत पाणी ओतलं. आता तिघांचंही एकमेकांशी पटेना.

"काऊन वं, काय करून राह्यली सकाळपासून?" गोठ्याच्या दारातून सासूबाईंनी विचारलं.

"प्रयोग करून राह्यली, आत्याबाई."

"मंग डोळ्यात पाणी काऊन?"

"धूर लागला."

गोठ्यात चूल नव्हती. माझ्या हट्टापायी पोरींचा वर्ग जाणार, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी जागची हलले नाही.

अर्ध्या तासाने सासूबाई परत आल्या. हातात स्टो पेटवायच्या स्पिरिटची बाटली! "तुकारामले विचारून आली मी. म्हणे, वरचं तेलपाणी ओतून द्या, अन् हे थेंब थेंब टाकून काडीनं घोटा. बाटली हलवू नका म्हणे."

'कोणतंही काम हलकं नाही' असं रोज फळ्यावर लिहिणारी मी जोडे शिवणाऱ्याला विचारायला लाजले. आणि चामड्याची सावली चुकवणाऱ्या सासूबाई भर बसस्टँडवर विचारून आल्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते कबूल करेन तर मी कसली?

"थेंब थेंब कायले? हे पाहा!" म्हणत मी तेलपाणी फेकलं, भसकन स्पिरिट ओतलं, बोळा कोंबला आणि बाटली गदागदा हलवली.

बोळा उडाला! रंग छपराला, गाईच्या शिंगाला, माझ्या तोंडाला, कोपरापर्यंत दोन्ही हातांना आणि सासूबाईंच्या चार बोटांना.

"माय वं! सुनेनं रंगवली मले!" म्हणत त्या मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसत सुटल्या.

राख झाली, चिंच झाली, रिठा झाला, रंग हलेना. बाटलीत उरला तो एवढा पातळ, की पिशवीवर जेमतेम चहा सांडल्यासारखा दिसला.

"अशा तोंडानं जाशील?" दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी विचारलं.

"याच तोंडानं जाईन!"

प्रदर्शनात परीक्षकांनी पिशवी पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा पिशवी. "बाई स्वतः काम करतात हे दिसतंच आहे," ते हेडमास्तरांना म्हणाले. "मुलींचा वर्ग चालू ठेवा." मग वहीत शेरा लिहिला: 'शिवण उत्तम. रंग पिशवीपेक्षा शिक्षिकेवर चांगला चढला आहे.'

पोरी फिदीफिदी हसल्या. मी तपकिरी मान ताठ केली. "नुसता चढलाच नाई साहेब, पक्का बी हाय! धुऊन पाहा!"

साहेबांनी काही धुऊन पाहिलं नाही. मी मात्र पुढचे पंधरा दिवस पाहिलं. बरोबर होतं माझं!