सारिकाने आवाज बंद केला

भोरमध्ये माझं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथे कामाला असलेली शिवरे गावची सारिका दुपारभर माझा एक कॉम्प्युटर अडवून बसायची आणि मी रोज तिच्यावर चिडायचो.

हे सगळं तिच्या वडिलांसाठी, नानांसाठी चाललं होतं. नानांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवलेलं. कुठलीही चाल एकदा ऐकली की लगेच वाजवणार. पण डीजे आले आणि सुपाऱ्या आटल्या. अशात पानशेतकडच्या एका निवासी शाळेला बँडमास्तर हवा होता. अट एकच, समोर ठेवलेलं नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचून वाजवायचं. नानांना त्या पाच रेघांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि परीक्षेला महिना उरला होता.

सारिका मोबाईलवर बघून आधी स्वतः नोटेशन शिकली, मग तिने साधासा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर पाच रेघांवर एक सूर दिसायचा, त्याचा आवाज यायचा आणि नानांनी ट्रंपेटच्या तीन बटणांऐवजी कीबोर्डची तीन बटणं दाबायची. आठवड्यात नाना वीसपैकी वीस मिळवू लागले. मी पेढे आणले.

पेढा खाताना सारिकाला दिसलं, नानांचा चष्मा खिशातच आहे.

"नाना, तुमी बघता का ऐकता?"

"ऐकतो की. बघायचं कशाला?"

तिने तिथल्या तिथे आवाज काढून टाकला. वीसपैकी तीन. "असला मुका बाजा म्या न्हाई वाजवायचो," म्हणत नाना भडकून निघून गेले. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी मात्र ते आले आणि चष्मा लावून पडद्यासमोर बसले. पुढे रोजच येत राहिले.

परीक्षेच्या दिवशी दुकान बंद ठेवून मीही गेलो. सारिका आणि मी खोलीच्या उघड्या दाराबाहेर उभे होतो. नानांनी कागद बिनचूक वाजवला. परीक्षकांना संशय आला, ही चाल यांनी कुठेतरी ऐकलेली असणार. त्यांनी तिथेच पेनाने चार नव्या ओळी लिहून समोर ठेवल्या. नानांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग ट्रंपेट सुरू झालं आणि शेवटच्या सुरापर्यंत कुठेही अडखळलं नाही.

सारिका रडत होती.

"ही चाल म्या नानांकडनं कदीच ऐकली न्हाई," ती म्हणाली.

आत परीक्षक नानांना विचारत होते, सोमवारपासून याल का.