हालगेरचा राहिलेला केक

हालगेरने त्या सोमवारी घाई केली आणि पुलाच्या पोटाला एकाच दमात वीतभर काँक्रीट फवारलं. पाच मिनिटं ते टिकलं. सहाव्या मिनिटाला सगळं धप्पकन खाली तराफ्यावर आलं. तिथे मंडळींचे डबे होते. पाव, तपकिरी चीज, सुन्निवाचा थर्मास, सगळ्यांनाच समाधी मिळाली.

"वा! पुलाला नाही, तर निदान माझ्या थर्मासला तरी मजबुती आली," मुकादम सुन्निवा म्हणाली. "केक लागला तुला!"

चूक करील त्याने सगळ्यांना केक खिलवायचा, हा नॉर्वेतल्या कामावरचा कायदा. वय एकसष्ट असलं म्हणून सूट नाही.

पण केकचं सोडा. खाऱ्या वाऱ्याने पुलाच्या सळ्या खाल्ल्या होत्या, म्हणून पूल बंद होता आणि बेटावरचे मासळीचे ट्रक अडकून पडले होते. महिनाअखेरीस तपासनीस ओड्नी हातोडी घेऊन येणार होती. एक जागा जरी पोकळ वाजली, तर हालगेरच्या हातची फवारायची नळी जाऊन तिथे यंत्र येणार. चौतीस वर्षं बोगदे, धरणं, धक्के सांधलेला माणूस हा. घरात खिळा ठोकायला मात्र बायकोला हाक मारायचा.

मंगळवारपासून गडी बदलला. आधी सळ्यांमागची फट भरायची, मग बोटभर थर, मग गप थांबायचं. नळी सरळ समोर, हात गोल गोल. उडालेले खडे हेल्मेटवर ताडताड वाजत.

"पूल दुरुस्त करतोयस की त्याला पावडर लावतोयस?" खालून सुन्निवा ओरडली.

"तुझा नवा थर्मास वाचवतोय, बाई!"

शेवटच्या थराला आठवडाभर पाणी मारलं. मग ओड्नी आली. खण, खण, खण. सोमवारच्या त्या जागेशी ती थांबली. कान लावला, पुन्हा ठोकलं.

खण!

"घंटेसारखं भरीव वाजतंय," ओड्नी म्हणाली. "सोडा ट्रक."

पहिला ट्रक भोंगा वाजवत वरून गेला. खाली हालगेर पुलाला तळवा टेकवून उभा होता. वजन आलं, गेलं, कणभरसुद्धा खाली पडलं नाही. त्याने नळी झेंड्यासारखी उंचावली. "बघा रे, बघा!"

"बघितलं. केक कुठाय?" सुन्निवाने विचारलं.

"सोमवारी आणतो."

"धरणावरही हेच म्हणाला होतास."

"मग? धरण उभं आहे ना अजून?"