मायले सांगून ये

दर रविवारी नऊ वाजता शांतवनजी सौंसरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत दोन सतरंज्या अंथरत. एक बाप्यांसाठी, एक बायांसाठी. दोन्हींवर कोणी बसत नसे. तरी हा पाद्री उभा राहून अख्खी प्रार्थना म्हणे, उपदेश करी. मी शाळामास्तर, शेजारच्या खोलीत राहणारा. मला सगळं ऐकू येई. "कोणासाठी घसा कोरडा करता?" मी चिडवी. ते हसत. "गुरुजी, दुकान उघडं ठेवलं त गिऱ्हाईक येते. बंद दुकानात कोन येईन?"

लोक त्यांच्याशी वाईट वागत नसत. तापलेल्या पोरासाठी, आटलेल्या गाईसाठी प्रार्थना करून घेत. पण चहा वेगळ्या कपात देत, आणि जेवायला कोणी बोलावत नसे. मीही नाही.

सात वर्षांनी मोहगावचा वामन आला. तरुण शेतकरी, घरी संत्र्याचा बगीचा. महिनाभर ऐकत बसला आणि एका रविवारी म्हणाला, "पाद्रीबाबा, मले बाप्तिस्मा द्या."

शांतवनजींनी विचारलं, "मायले सांगतलं?"

"नाही. थे रडन."

"मंग सांगून ये. मी न सांगता घर सोडलं होतं, बापू. माय मेली तवा भावानं मले आंगनात उभं नाही केलं."

वामन गेला तो गेलाच. मी संतापलो. सात वर्षांत एक माणूस आला, तोही यांनी परत धाडला!

"रोज त्याची वाट पाहून रायलो, गुरुजी," ते म्हणाले. "पन चोरून आनलेला मानूस मले नाही पायजे."

एकही बाप्तिस्मा नाही म्हणून मिशनने खोली बंद केली. पेटी उचलून ते छिंदवाड्याच्या बसने एकटेच गेले. शाळा आहे, अशी स्वतःचीच समजूत घालून मी स्टँडवर गेलो नाही. त्याची आजही लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात वामन आला, सोबत म्हातारी आई. कुलूप पाहून ती माझ्या ओट्यावर टेकली. "लय भांडली मी याच्याशी," ती म्हणाली. "मंग म्हटलं, जो मानूस मायले सांगून ये म्हनते, त्याले एक डाव पाहू तरी. मीच घेऊन आली याले. कुठी गेले थे?"

"छिंदवाड्याच्या बसने गेले. पुढं कुठं, माहीत नाही."

"पत्ता?"

मी नकारार्थी मान हलवली.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "सात वर्सं शेजारी होते न तुमी?"