साखराबाईनं ट्रॅक्टर अडवला

ट्रॅक्टर सुरू झाला आणि साखराबाई थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. माजलगावकडं ऊसतोडीला निघालेली टोळी ट्रॉलीत चढून बसलेली. भांडी, बाजा, शेळ्या, पोरं, सगळं वर. खाली राहिली ती कुत्री. दरसालची रीतच ती. माणसं सहा महिने उसाच्या फडावर, कुत्री ओस वस्तीवर.

मुकादम आसाराम हा साखराबाईचाच थोरला. "आई, वाट कावून अडवली?"

"कुत्री घ्या आदी. ज्याचं त्यानं."

सगळी ट्रॉली हसली. हसणारच! गेल्या वर्षी याच बाईनं कुत्री धरायला आलेल्या पिंजऱ्याच्या गाडीपुढं लोळण घेतली होती. गाडी बोलावली होती अभिमन्यूनं, माळावरची हरणं राखणाऱ्या वनमजुरानं. मागं टाकलेली कुत्री कळप करून हरणं फाडतात, हे त्याचं म्हणणं. "पोट भरल्यावर कुत्रं शिकार करत न्हाई," हे हिचं. बीडहून प्राणीमित्र तेजश्री ज्वारीचं पोतं घेऊन धावली, गाडी रिकामी परतली, आणि वस्तीवर एकटीच मागं राहणारी बाई वीस कुत्र्यांना भाकरी घालू लागली. काय तोरा होता तेव्हा तिचा!

मग माघात तिनं डोळ्यांनी पाहिलं. बांधापाशी गाभण हरणी पडलेली, आणि कळपाच्या पुढं, लाल तोंडानं, तिचाच मोत्या. सकाळीच दीड भाकर खाऊन गेलेला! त्या दिवशी बाई जेवली नाही. पण पिंजऱ्याला हो म्हणायलाही तिची जीभ उचलेना.

"फडावर ऱ्हायच्या कोपीला राखण लागतीच की!" ती आता ओरडत होती. "हितं त्येंच्यावर वरडायला माझ्याबिगर कोनी न्हाई!"

पटलं म्हणून नव्हे, उशीर होतोय म्हणून लोक खाली उतरले. मग काय धमाल! धुरळा, भुंकणं, शिव्या. अभिमन्यूही धावत आला आणि ज्यांना पिंजऱ्यात घालणार होता त्यांनाच उचलून ट्रॉलीत देऊ लागला. एकोणीस चढली.

"झालं? मोत्या हाय तुला सोबतीला," आसाराम म्हणाला.

साखराबाईनं मोत्याची दोरी त्याच्या हातात दिली. "कळपाच्या पुढं तर ह्योच व्हता." विसावं कुत्रंही ट्रॉलीत चढलं.

पंधरा दिवसांनी अभिमन्यू ओरडतच दारात आला. "काकू, चला! हरणी बांधापोतर आल्यात, पिल्लं घिऊन!"

भाकरी तव्यावर टाकून बाई अनवाणी धावली. आनंदानं तिला काही सुचेना.

"चल रं मोत्या!" धावता धावता तिनं मागं हाक मारली.